रखमाची दोन मापं

आठ गुणांच्या उत्तराला दोन गुण देऊन कालिंदी पुढच्या पेपरकडे वळली आणि वळता वळता तिचा हात थांबला. सहामाही परीक्षेचे अठ्ठावन्न पेपर होते, त्यातले सत्तावीस झाले होते आणि सत्तावीसही जणांनी एकच उत्तर लिहिलं होतं. लिहिणारच. त्यांना ते तिनेच सांगितलं होतं. ‘रखमा ही सोशिक, भाबडी आणि नवऱ्यावर जीव टाकणारी स्त्री आहे.’ हे वाक्य बावीस वर्षांपूर्वी परळच्या या कॉलेजात तिने पहिल्यांदा फळ्यावर लिहिलं, मग ते नोट्समध्ये गेलं, नोट्स गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेल्या, आणि आता ते वाक्य तिच्या मालकीचं तरी राहिलं होतं की नाही कोण जाणे. अभ्यासक्रम तीनदा बदलला, पण सहाव्या पाठातली ही कथा काही जागची हलली नाही. खाडीकाठचं एक घर, गलबतावर गेलेला तांडेल, त्याची बायको रखमा आणि त्याची म्हातारी आई. तांडेल आज यायचा म्हणून म्हातारी सकाळपासून दारात बसलेली. तिन्हीसांजेला एक खलाशी येतो, गलबत फुटल्याचं सांगतो, आणि रखमा उंबऱ्यात कोसळते. कारण, गलबत बुडालं. परिणाम, रखमा कोसळली. कार्यकारणाचा प्रश्न इतका सोपा, की नापास व्हायचं म्हटलं तरी त्यात कुणाला होता येत नसे. आणि या अठ्ठाविसाव्या पोरीने, तिसऱ्या बाकावरच्या आकांक्षा तोडणकरने, भलतंच काहीतरी लिहून ठेवलं होतं.

‘रखमाला दुपारीच माहीत होतं,’ असं तिने लिहिलं होतं, निळ्या शाईत, उजवीकडे कललेल्या अक्षरांत. ‘पान ३९ वर लिहिलं आहे की नवरा घरी असला की रखमा तीन मापं तांदूळ घेते, नसला की दोन. तो आज यायचा आहे असं सगळे म्हणतात. पण पान ४१ वर दुपारी रखमा रात्रीच्या भातासाठी दोनच मापं काढते. म्हणजे परिणाम आधी झाला आहे आणि कारण नंतर आलं आहे. असं होत नाही. म्हणून खरं कारण वेगळं आहे, ते कथेत दाखवलेलं नाही. रखमाला कोणीतरी आधीच सांगितलं होतं आणि ती गप्प राहिली. ती भाबडी नाही. संध्याकाळी ती कोसळली असं लिहिलं आहे, पण मला वाटतं ती कोसळली नाही, तिने तसं दाखवलं.’ कालिंदीने पुस्तक उघडलं. पान ३९ वर तीन मापं होती. पान ४१ वर, भांड्याला पडलेल्या पोच्याचं मोठं वर्णन होतं त्याच्या शेपटीला, दोन मापं होती. बावीस वर्षं ती या पानावरून गेली होती. त्या पोच्यावर तिने ‘वस्तूंतून प्रकटणारं दारिद्र्य’ म्हणून अर्धा तास व्याख्यान दिलं होतं. आणि तांदूळ मोजले नव्हते. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आपलं काहीतरी चोरीला गेलंय आणि ते नेलेल्यालाच आपण दोन गुण दिलेत, असं काहीसं वाटलं. तिने दोनावर काट मारली, सात केले, बाजूला सही केली, आणि उरलेले पेपर न तपासता बांधून ठेवले.

दुसऱ्या दिवशी जिन्यात ती पोरगी भेटली. ‘कोणी सांगितलं तुला हे?’ कालिंदीने विचारलं. तिच्या आवाजात पोलिसी सूर होता; तो तिला स्वतःलाच ऐकू आला. आकांक्षा घाबरली. ‘कोणी नाही मॅम. चुकलं का? सॉरी मॅम, नोट्समधलं लिहिणार होते, पण टाइम कमी होता.’ चुकलं नाही, असं कालिंदीने तिला दोनदा सांगितलं. मग ती पोरगी जराशी सैल झाली. ‘मॅम, आमच्या घरी भात मीच लावते ना रोज. पप्पांची नाइट असली की दीड वाटी, नसली की दोन. हात आपोआप जातो, मॅम. चुकून कमी घेतलं जात नाही. आणि कसंय, माणूस तोंडाने काय वाट्टेल ते बोलतो. पण जी तयारी करायला पाहिजे ती जर त्याने केली नाही, तर समजायचं की त्याला कळलेलं आहे. सिंपल आहे, मॅम.’ एवढं बोलून ती मैत्रिणीने हाक मारली म्हणून धावत खाली गेली. कालिंदी जिन्याच्या वळणावर कठडा धरून उभी राहिली. ऐकलेलं वाक्य तिला पटलं होतं, आवडलंही होतं, आणि त्याच क्षणी तिच्या डोळ्यांसमोर एक मोकळा पाट आला होता. नुसता मोकळा, पुसून ठेवलेला पाट.

तो पाट लालबागच्या जुन्या चाळीतल्या खोलीत देवाच्या फळीखाली असायचा. कोकणातून गिरणीत आलेल्या घरांत असतं तसं त्यांच्याकडेही होतं. कुठलंही काम निघालं की सकाळी त्या पाटावर नारळ आणि पानाचा विडा ठेवायचा, आणि घरच्या कर्त्याने गाऱ्हाणं घालायचं. बाबा हात जोडून म्हणायचे, ‘बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरू परीक्षेक चल्लासा, तेका यश दी, काय चुकला माकला तर पदरात घी,’ आणि बाकीच्यांनी म्हणायचं, ‘होय म्हाराजा.’ परीक्षा असो, धाकट्या भावाच्या, मनूच्या घशाचं ऑपरेशन असो, नवा पंखा बसवायचा असो. पंख्यासाठीसुद्धा आईने नारळ आणला होता, आणि देवाला आता आमचा पंखा पण फिरवायला लावणार का, म्हणून कालिंदी हसली तेव्हा तिने तिला दटावलं होतं. आणि त्या रविवारी, सत्तावीस वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातल्या त्या रविवारी, दादरचे नेरूरकर साखरपुडा करायला येणार होते, घरातल्या लेकीचं लग्न ठरत होतं, आणि पाट मोकळा होता. बाबा आंघोळ करून पंचा नेसून उभे राहिले. ‘नारळ खंय?’ त्यांनी विचारलं. आई स्टोव्हपाशी होती. तिने मान वळवली नाही. ‘मागाहून बघू,’ ती म्हणाली, ‘पाव्हणे येवंदेत आधी.’ पाहुणे आले नाहीत. साडेचार वाजता फणसवाडीतून नलूमावशी आली, जिने हे स्थळ आणलं होतं ती. तिने चपला काढायच्या आधीच सांगितलं की ते नाही म्हणतायत. आई मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. त्या रडण्याने शेजारच्या दोन बायका आत आल्या होत्या.

परळहून लालबागपर्यंत कालिंदी रोज चालतच यायची. त्या दिवशी ती पुलाखालून चालत राहिली आणि तिचं घर मागे पडून भायखळ्याची हद्द आली तेव्हा भानावर आली. तिला स्वतःचाच राग आला होता. कथेतल्या दोन मापांवरून आपल्या आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं, हे मास्तरकीचं खूळ डोक्यात गेल्याचं लक्षण. बाजारात नारळ मिळाला नसेल. गडबडीत राहिला असेल. पण लालबागच्या बाजारात नारळ मिळत नाही असं म्हणणाऱ्याला लोकांनी वेड्यातच काढलं असतं, आणि जी बाई पंख्याला विसरली नाही ती लेकीच्या साखरपुड्याला कशी विसरेल? की तिला माहीत होतं? माहीत होतं म्हणूनच बाबांना देवापुढे उभं राहू दिलं नाही? जे व्हायचंच नाही त्यासाठी त्यांनी हात जोडून देवाला साकडं घालायचं, ते तिला सोसलं नसतं. माणसांशी खोटं बोलेल ती, पण देवाला खोट्यात ओढणार नाही. कालिंदीने उत्तरपत्रिकेच्या समासात लिहावं तसं आईच्या नावाने मनात लिहिलं, ‘सुभद्रा मयेकर, स्वभावचित्र,’ आणि तिला त्याची गंमत वाटेना.

कारण त्या रविवारचं एक कारण तिच्याजवळ तयार होतं, आणि त्यावर तिचं सगळं आयुष्य बेतलेलं होतं. विनीत नेरूरकरला ती दोनदा भेटली होती. दुसऱ्यांदा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, घरच्यांच्या परवानगीने, तासभर. तो विमा कंपनीत होता, शांत होता, पँटला इस्त्री कडक. मैदानाकडे बघत त्याने काहीतरी फार गंभीर विधान केलं होतं, माणसाच्या एकटेपणाबद्दल वगैरे, आणि कालिंदीला हसू आलं होतं. चांगलं खळखळून, आजूबाजूचे वळून बघतील एवढं. ‘अहो, असं काही नसतं हो!’ ती म्हणाली होती. तोही हसला होता. तो तिला आवडला होता. हे तिने कुणालाच सांगितलं नाही, पण आवडला होता. आणि नकार आला तेव्हा तिने तपास केला आणि गुन्हेगार सापडला, ते हसणं. त्यानंतर ती तशी हसली नाही. स्टाफरूममध्ये तिला ‘सीरियस’ म्हणत. पुढे तीन स्थळांची बोलणी निघाली आणि पत्रिका बघायच्या आतच विरली, तेव्हा वय, मग रंग, मग आपलं तोंड फटकळ, अशी कारणं ती एकाखाली एक मांडत गेली. आता जर ते हसणं कारण नसेल तर? मग एवढी वर्षं गप्प बसून तिने कशाची शिक्षा भोगली? आपल्याला कुणीतरी सोडून दिलं, की आपल्याला कुणीतरी ठेवून घेतलं, एवढंच तिला कळायला हवं होतं. त्रेपन्नाव्या वर्षी यातून काय मिळवायचं, असं तिने स्वतःला दरडावून पाहिलं. उपयोग झाला नाही.

घरी आई होती. घर आता चाळीचं राहिलं नव्हतं. चाळ पाडून टॉवर झाला होता आणि त्यातला चौदाव्या मजल्यावरचा एक फ्लॅट त्यांच्या वाट्याला आला होता. एकोणऐंशी वर्षांची सुभद्रा लिफ्टला अजून ‘पाळणा’ म्हणायची आणि खिडकीपासून चार हात लांब बसायची. ‘उशीर केलंस आज,’ ती म्हणाली. एरवी या वाक्यात काही नसतं. आज कालिंदीला त्यात तपासणी दिसली. आईने चहा पुढे ठेवला, साखर बरोबर अर्धा चमचा, आणि कालिंदी त्या अर्ध्या चमच्याकडे संशयाने बघत राहिली. हिला माझं सगळं ठाऊक आहे. माझं डोकं दुखायच्या आधी ही बाम काढून ठेवते. मी चिडणार हे मला कळायच्या आधी हिला कळतं आणि ही विषय बदलते. याला आपण माया म्हणत आलो. पण पाळलेल्या गुरावर सुद्धा माणूस असंच बारीक लक्ष ठेवतो. हा विचार इतका घाणेरडा होता की तिने तो चहाबरोबर गिळला आणि आईला मुद्दाम विचारलं, ‘पाय दुखतायत का गं?’ आई म्हणाली, ‘माझ्या पायाचां मरूंदे, तुझा तोंड कशाक असा झाला?’ पुढचे तीन दिवस असेच गेले. कालिंदी आईला चोरून बघायची आणि वर बघितलं की आई तिच्याकडे बघत असायची. बाबांचा हार घातलेला फोटो दोघींच्या मधल्या भिंतीवर होता. मितभाषी, प्रेमळ, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी करून मुलांना शिकवणारे. त्यांचं स्वभावचित्र तरी सरळ होतं. आठवीपासून बी.ए. होईपर्यंत, शाळा चांगली म्हणून, कालिंदीला नलूमावशीकडे फणसवाडीत ठेवलं होतं. ती कायमची घरी परतली तेव्हा बाबांनी स्वतः तिच्यासाठी टेबल आणलं होतं, डोक्यावरून, आर्थर रोडपासून चालत. धाकट्या मनूने मात्र बारावी होताच पुणं गाठलं आणि बाबांच्या शेवटच्या आजारपणात दोन दिवसांवर टिकला नाही. कालिंदीने त्याला तेव्हाच ‘बेजबाबदार’ हा शेरा देऊन टाकला होता.

रविवारी ती फणसवाडीत गेली. नलूमावशी आईची मावसबहीण, वयाने थोडी लहान, गुडघ्यांनी अधू आणि जिभेने ठणठणीत. तिने आधी कालिंदीचे केस पिकल्याबद्दल तिला बोलून घेतलं, मग केळीचे वेफर्स काढले, मग स्वतःच्या सुनेची यथासांग निंदा केली. कालिंदीने वाट बघितली. मग, जणू सहज, ती म्हणाली, ‘मावशी, नेरूरकरांनी का गं नाही म्हटलं होतं?’ मावशीचा वेफर्सकडे गेलेला हात तिथेच राहिला. ‘आज कुठून काढलंस हे?’ ‘असंच. शिकवताना विषय निघाला.’ ‘कॉलेजात तुझं लग्न शिकवतात की काय?’ मावशी हसली, पण ते हसू पुरं झालं नाही. कालिंदीने मग तो डाव टाकला, जो पोरांनी कॉपी केल्याचा संशय आला की ती टाकत असे. ‘मला माहीत आहे सगळं. तुझ्या तोंडून ऐकायचंय फक्त.’ मावशीने डोळे बारीक करून तिच्याकडे बघितलं आणि मग एकदम ती म्हातारी दिसायला लागली. ‘सांगितलं ना शेवटी सुभीने? बरं केलं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी तिला तेव्हाच म्हटलं होतं, अगं नाही म्हणायचं तर सरळ नाही म्हण, पोरीला फिट येते असं कशाला सांगायला लावतेस? असल्या गोष्टी चार घरं फिरतात. तर माझ्या पाया पडली. आदल्या दिवशी भर दुपारी, शनिवारी, उन्हातून चालत आली होती लालबागहून इथवर. म्हणाली, फिट म्हटल्याशिवाय ते सोडणार नाहीत, मुलाला पोरगी पसंत पडलीय. पसंत होतीस तू त्याला, बरं का. फार पसंत होतीस.’

कालिंदीला आयुष्यात कधी फिट आली नव्हती. ती मावशीच्या घरातून कशी उतरली, टॅक्सी कुठे मिळाली, काही तिच्या लक्षात राहिलं नाही. फक्त ‘फार पसंत होतीस’ हे राहिलं, आणि त्याने आनंद व्हावा की ऊर फुटावा हे तिला कळेना. टॅक्सीच्या खिडकीतून वारा तोंडावर येत होता आणि ती रडत होती, रागाने, स्वच्छ रागाने. पुढची तीन स्थळं का विरली तेही आता सांगायला नको होतं. आईने तिला फक्त त्या एका घरातून नाही, सगळ्याच घरांतून ओढून आणलं होतं. आणि वर साडेचार वाजता मटकन बसली, रडली, शेजारणींकडून पाणी प्याली. हातची लेक गेली तर भात कोण लावणार, पगार कोण आणणार, म्हातारपणी पाय कोण चेपणार. एवढंच असणार कारण, दुसरं काय असणार? इतकं क्षुद्र कारण असावं याचाच तिला जास्त संताप येत होता.

आई जमिनीवर परात घेऊन सुका जवळा निवडत बसली होती. फ्लॅटभर वास सुटला होता आणि वरच्या मजल्यावरचे लोक आता तक्रार करणार, हे एक कालिंदीच्या मनात उगाचच येऊन गेलं. ती पर्स न काढता समोर उभी राहिली. ‘आई, मला फिट कधी आली होती?’ आईचे हात थांबले नाहीत. तिने एक काडी बाजूला काढली, एक खडा काढला. ‘नलीन सांगितलान?’ ती म्हणाली. ‘कोणी सांगितलं ते सोड. का केलंस?’ आई निवडत राहिली. ‘मी गेले असते तर तुझं कोण करणार म्हणून? मनूवर भरवसा नव्हता म्हणून? एवढ्यासाठी माझं—’ पुढचा शब्द तिला सापडला नाही. ‘बस आधी,’ आई म्हणाली. ‘मी बसणार नाही.’ ‘मगे उभी रव,’ आई म्हणाली, आणि परातीतून डोळे वर न उचलता, जवळ्याचा भाव सांगावा तशा आवाजात तिने सांगितलं, ‘तुझो बापूस माका मारायचो.’

कालिंदीने आधी फोटोकडे बघितलं, मग आईकडे. ‘बाबा?’ ‘तू फणसवाडीत होतंस तेवा. गिरण बंद पडली, पिऊक लागलो, आणि मारूक लागलो. आठ वर्सां. चाळीत सगळ्यांक ठावक होतां. मनूक ठावक होतां, तो मधे पडायचो, तेका पण बसायचो. तू आयतवारी येयस, तर मी लांब हाताचां पोलकां घालून बसायचंय.’ आईने परात हलवली आणि जवळा एका बाजूला केला. ‘मगे तू घरी इलंस. शाळेत मास्तरीण झालंस. त्या दिवसापासना एकदा पण हात उचललो नाय तेणी. तुका भियायचो. शिकलेल्या लेकीच्या नजरेतसून उतरूचां नव्हतां तेका. आणि तो नेरूरकर तुका घेवन चललो होतो.’ कालिंदीने पुस्तकातलं पान तपासावं तसं हेही तपासायला घेतलं. तिचा विश्वास बसत नव्हता, आणि बसत नव्हता म्हणून तिला स्वतःची लाजही वाटत होती. ही बाई रडून दाखवते, कोसळून दाखवते. हे सुद्धा दाखवणंच असेल तर? ती आतल्या खोलीत गेली आणि मनूला फोन लावला. ‘मनू, बाबा आईला मारायचे?’ पलीकडे कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. ‘तुला आत्ता कळलं, ताई?’ तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, फक्त आश्चर्य होतं. ‘मला वाटायचं तुला माहीत आहे, आणि तू त्यांची बाजू घेतेस.’

ती बाहेर आली आणि आईच्या समोर जमिनीवर बसली. टेबल डोक्यावरून आणणारा तो माणूस खोटा नव्हता; कालिंदीपुढे तो तसाच होता. ती घरात होती म्हणून तो तसा होता, आणि ती त्याला त्याचा स्वभाव समजत आली. मनूच्या नावापुढचा शेरा, आईच्या नावापुढचा शेरा, स्वतःच्या हसण्याला दिलेली शिक्षा, सगळंच आता खोडायला हवं होतं आणि एवढं सगळं एका दुपारी खोडता येत नव्हतं. राग मात्र गेला नव्हता. तो जायला तयार नव्हता. बाबांना जाऊनही सोळा वर्षं झाली होती. निदान त्यानंतर तरी? ‘मला सांगायचं होतंस,’ ती म्हणाली. ‘एकदा, त्या शनिवारी, मावशीकडे जाण्याऐवजी माझ्याकडे यायचं होतंस. खोटं बोलायची काय गरज होती? मी आपणहून थांबले असते. तुझ्यासाठी थांबले असते मी, आई.’

आईने परात खाली ठेवली. हाताला लागलेला जवळा पदराला पुसला आणि कालिंदीकडे पहिल्यांदाच नीट बघितलं, खूप वेळ, त्यात दोष देणं नव्हतं आणि माफी मागणंही नव्हतं.

‘नाय गो बाय,’ ती म्हणाली. ‘नसती थांबलीस तू.’

कालिंदीने तोंड उघडलं. एवढ्या वर्षांच्या सवयीने ती त्या वाक्यात चूक शोधू लागली. पुरावा कमी आहे, एकांगी आहे, पात्राला न्याय दिलेला नाही. मग तिला कट्ट्यावर बसलेली सव्वीस वर्षांची ती पोरगी दिसली, मोठ्याने हसणारी, कडक इस्त्रीच्या त्या माणसाबरोबर जायला उतावीळ झालेली. ती गेली असती. दोन दिवस रडली असती, आईला सांभाळ म्हणून मनूला बजावलं असतं, आणि गेली असती. दादरहून लालबाग ते काय लांब; गणपतीला आली असती, दिवाळीला आली असती, एखाद्या रविवारी नवऱ्याला घेऊन जेवायला आली असती. आईच्या हातावर वळ दिसला असता, तर आई म्हणाली असती की मोरीत पाय घसरला, आणि तिने ते कारण मानलं असतं.